आपोआप ओढून घेणारं मशीन

मशीन घ्यायचं यावर आमचं दोघांचं एकमत होतं, आणि एकमत होतं ते तेवढ्यापुरतंच. कुठलं घ्यायचं यावरून सकाळच्या चहापासून आमची जुंपायची. आमचे हे एरवी फार बोलणारे नाहीत. निम्मा जन्म झाडावर काढलेल्या माणसाला जमिनीवर आल्यावर बोलायला काही सुचत नाही, असं मी लग्नानंतर थोड्याच दिवसांत स्वतःला समजावलं होतं. पण मशीनचा विषय निघाला की ह्यांना वाचा फुटायची.

आम्ही लोकांच्या बागा राखतो. कुंपणं छाटायची, वाळक्या फांद्या उतरवायच्या, वाऱ्यानं कललेली झाडं तोडायची. हे वर चढून कापतात. मी खाली उभी राहते, पडलेल्या फांद्या ओढते, पिकअपमध्ये रचते आणि पिकअप चालवते. पूर्वी सगळा पालापाचोळा आम्ही शहराबाहेरच्या कचरा डेपोत टाकायचो. एके दिवशी तिथल्या फाटकावरच्या माणसानं हात आडवा केला. झाडांचा कचरा आता घेत नाही म्हणाला. ह्यांनी हुज्जत घातली, मी गोड बोलून पाहिलं, पण तो ढिम्म हलला नाही. भरलेली पिकअप घेऊन आम्ही तशीच घरी आलो. तेव्हापासून आमच्या अंगणात फांद्यांचा ढीग वाढत होता आणि शेजारीण येता-जाता नाक मुरडत होती. म्हणजे मशीन हवंच होतं. जिथं कापायचं तिथंच फांद्यांच्या ढलप्या करायच्या, त्याच बागेत झाडांच्या बुंध्याशी पसरायच्या, आणि मोकळ्या गाडीनं घरी यायचं.

ह्यांच्या मनात भरलं होतं ते आपोआप ओढून घेणारं मशीन. त्याला पुढं दोन दातेरी रोलर असतात. फांदीचं टोक दिलं की ते धरतात आणि अख्खी फांदी आपणहून आत ओढून घेतात. मनगटाएवढीच काय, मांडीएवढीसुद्धा. हे त्याचे व्हिडिओ बघत बसायचे आणि मलाही बघायला लावायचे. त्यात एक दाढीवाला माणूस एकामागून एक फांद्या देत सुटलेला असायचा आणि पलीकडून ढलप्यांचा फवारा उडायचा. हे फवारा बघायचे. मी त्या माणसाचे हात बघायची. मशीननं फांदी पकडली रे पकडली की त्याची बोटं आपसूक उघडायची. त्याला त्यात काही विशेष वाटत नसणार.

ह्यांच्या बोटांना काही कळत नाही. हे ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे ह्यांना माहीत नव्हतं. सगळं घोडं तिथं अडलं होतं. ज्या मशीनला फांदी कधी सोडायची हे हातानं ओळखायचं असतं, तेच मशीन ह्यांना हवं होतं, आणि नको म्हणायचं खरं कारण मला तोंडातून काढता येत नव्हतं.

मला कळलं ते एका दोरीमुळं. वर कटर घुरघुरत असताना खालच्या माणसाचा आवाज पोचत नाही, घसा फुटेपर्यंत ओरडलं तरी नाही. म्हणून आमच्यात एक बारीक दोरी असायची. कापायच्या आधी हे दोरीचं टोक हातात धरून थांबायचे. हिसका आला नाही की खाली मोकळं आहे, कापा. दोन हिसके दिले की थांबा. इतकी वर्षं आमचं हे असंच चाललं होतं आणि कधी चूक झाली नव्हती. गेल्या हिवाळ्यात एका बंगल्यात नीलगिरी उतरवत होतो. पानांच्या गर्दीत मला हे दिसत नव्हते, ह्यांना मी दिसत नव्हते. माझा खराटा झाडाखाली राहिला होता. मी दोन हिसके दिले आणि तो घ्यायला गेले. फांदी माझ्या खांद्याशेजारी येऊन पडली.

हे खाली उतरले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्यावर खेकसले, मध्ये कशाला कडमडलीस, दोरी ओढायला काय झालं होतं. ओढली होती, असं मी म्हणाले. नाही ओढलीस, असं हे म्हणाले, आणि म्हणताना स्वतःच्या हाताकडं बघितलं. मीही बघितलं. बोटांची टोकं मेणबत्तीसारखी पांढरी होती. मग मी म्हटलं, विसरले असेन. माझ्या तोंडून ते का निघालं, मला ठाऊक नाही. पण ह्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

त्या दिवसापासून मी बघत राहिले. शर्टाची बटणं लावताना हे मान खाली घालून बटणाकडं बघत लावायचे. पूर्वी माझ्याशी भांडत भांडत, खिडकीबाहेर बघत लावायचे. गाठ मारली की ती नीट बसली का हे डोळ्यांनी तपासायचे. फांदी बोटांनी धरायच्या ऐवजी कोपराचा विळखा घालून धरायचे. दोरीनं माझे तळहात सोलवटतात, त्यापेक्षा मी दिसेल अशी लांब उभी राहून हात वर करत जाईन, असं मी सुचवलं तर हे लगेच बरं म्हणाले. माझं कुठलंही म्हणणं हे इतक्या चटकन मान्य करत नाहीत.

एका डॉक्टरीणबाईंची बाग आमच्याकडं आहे. त्यांना मी आडून आडून विचारलं, आमच्या ओळखीत एक माळी आहेत, त्यांचं असं असं होतं. पेपरातून मान वर न करता त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षं थरथरणारी यंत्रं धरली की बोटांतल्या नसा कामातून जातात. गेलेलं सहसा परत येत नाही. उरलेलं वाचवायचं असेल तर यंत्र खाली ठेवायचं आणि हात उबदार ठेवायचे. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाल्या, त्या माळ्यांना सांगा, झाडावर चढू नका. मी सांगते म्हटलं, आणि सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याचं धड उत्तर माझ्याकडं नाही. झाडावरून खाली उतरवलेले हे म्हणजे नक्की कोण, हे मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं, एवढं खरं. पण तेही मी नंतर जुळवलेलं कारण असेल. त्या दिवसांत मला काही वाटतच नव्हतं. भीती वाटायला हवी होती, ती नाही. राग नाही, कीव नाही. लेक फोनवर विचारायची, आई, सगळं ठीक ना, आणि मी ठीक म्हणायची, आणि ते खोटं बोलल्यासारखंही वाटायचं नाही. सकाळी डबे भरायचे, गाडीत डिझेल बघायचं, ह्यांना झाडावर चढताना बघायचं, उतरले की गाडी भरायची. ह्यांच्या बोटांना काही कळत नव्हतं आणि मला काही वाटत नव्हतं. जोडा चांगला जमला होता.

मशीनचं निघालं तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले. माझं म्हणणं, साधं मशीन घ्यायचं. वर उंच नरसाळं, त्यातून फांदी सोडून द्यायची, खाली पाती आपलं काम करतात. हळू चालतं, मनगटाहून जाड काही खात नाही. पण हाताला ओढत नाही. हे शेवटचं वाक्य सोडून मी बाकी वाट्टेल ते बोलत होते.

मोठं मशीन जड आहे, गाडीत चढणार कसं, असं मी काढलं. ह्यांनी संध्याकाळी एका जुन्या दाराला पट्ट्या ठोकून उतार तयार केला. आवाज फार करतं म्हटलं, तर म्हणाले, तुला माझ्या घोरण्याची सवय आहे. बागांच्या बाजूच्या फाटकांतून आत जाणार नाही म्हटलं, तर टेप घेऊन आम्ही दोघं दारोदार फाटकं मोजत हिंडलो. मालक लोक खिडकीतून बघत होते, की आता हे काय नवीन. डॉक्टरीणबाईंच्या फाटकाला मशीन बोटभर अडत होतं. मला आता सुटलो असं वाटलं. हे खाली वाकले, बिजागरी चाचपली, म्हणजे बघितली, आणि म्हणाले, फाटक काढून ठेवायचं. दर वेळी? दर वेळी. शेवटी मी म्हटलं, मला त्याचा रंग आवडला नाही. हे इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. कितीतरी दिवसांनी हे हसत होते आणि मी बाजूला हातात टेप घेऊन उभी होते. मलाही हसू यायला हवं होतं.

दुकान शहराच्या कडेला, मोठ्या रस्त्यावर होतं. पत्र्याची शेड, पुढं खडी टाकलेलं आवार, आवारात ओळीनं मशीनं. दुकानदार हसरा. म्हणजे त्याचा चेहराच तसा होता, काही वाईट सांगतानाही हसल्यासारखा दिसेल असा. चप्पल घेताना आपण पाय बरोबर नेतो ना, तशा स्वतःच्या फांद्या घेऊन या, असं त्यानं फोनवर सांगून ठेवलं होतं. त्याप्रमाणं आम्ही अंगणातल्या ढिगातून भरून नेल्या होत्या. नीलगिरीचे लांब सोटे, सुरूच्या झुपकेदार फांद्या आणि बोगनवेलीचं एक भलंमोठं जंजाळ.

त्यानं आधी विजेवरचं एक छोटं मशीन दाखवलं. ह्यांनी त्याच्याकडं खेळण्याकडं बघावं तसं बघितलं. मग नरसाळ्याचं मशीन. ते चालू होतं, मी फांद्या टाकल्या, त्यानं त्या कुरकुरत खाल्ल्या. सुरूचा पाला नरसाळ्यात अडकला तेव्हा दुकानदारानं लाकडी दांडक्यानं तो खाली ढोसला. हे बाजूला उभे राहून दुसरीकडंच बघत होते. ज्यासाठी आलो ते पलीकडं उभं होतं.

मोठं मशीन सुरू झालं तशी पायाखालची खडी थरथरायला लागली. दुकानदारानं मला आधी लाल दांडा दाखवला. तोंडाच्या वर आडवा बसवलेला. तो ढकलला की रोलर जागच्या जागी थांबतात. मीच विचारलं होतं म्हणून दाखवला. त्यानंतर मी त्या दांड्यापासून हलले नाही. दुकानदार मोठ्या आवाजात ह्यांना सांगत होता.

"यात डोकं लावायचं कामच नाही. फांदी पकडली गेली की हाताला कळतं. कळलं की सोडायचं."

ह्यांनी मान डोलावली.

पहिले दोन सोटे ह्यांनी लांबूनच आत भिरकावले. दुकानदार हसत म्हणाला, असं फेकू नका, उसळून तोंडावर येईल, धरून द्या. मग ह्यांनी धरून दिली. सरळ, गुळगुळीत नीलगिरी. मी ह्यांच्या डोळ्यांकडं बघत होते. हे फांदीवर नजर रोखून होते. फांदी पुढं सरकलेली दिसली की सोडत होते. हे सगळं ह्यांनी घरी, व्हिडिओ बघता बघता, मनात बसवलं असणार. पुढची, त्याच्या पुढची, सगळ्या नीट गेल्या. दुकानदार म्हणाला, हात बसलाय साहेबांचा. ह्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते बघून क्षणभर मलाही वाटलं, जमेल, डोळ्यांनी सांभाळतील.

मग ह्यांनी बोगनवेल उचलली. तिचा पसारा एवढा की ह्यांचे हातच दिसेनात. टोक आत दिलं. रोलरनी धरलं. पानं, काटे, फुलं असा सगळा गुंता पुढं सरकायला लागला आणि त्याच्याबरोबर ह्यांचा उजवा हात पुढं सरकायला लागला. हातमोज्याच्या टोकात काटे रुतले होते आणि हातमोजा ताणला जात होता. हे फांदीकडंच बघत होते, ती कधी पुढं जाते याची वाट बघत. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी दांडा ढकलला.

रोलर थांबले. दुकानदारानं धावत जाऊन इंजिन बंद केलं. हे तसेच उभे होते, हात पुढं करून, मी का थांबवलं असेल अशा नजरेनं माझ्याकडं बघत. मग खाली बघितलं. हातमोज्याची बोटं रोलरमध्ये चेमटली होती. आतली बोटं थोडी अलीकडं होती, हातमोजा मोठा होता म्हणून. ह्यांनी हात सावकाश बाहेर काढला. दोन बोटांवर काटे ओढले गेले होते आणि रक्त आलं होतं. ते दिसल्यावर ह्यांनी हात खिशात घातला.

दुकानदाराच्या तोंडावरचं हसू प्रथमच गेलं. अहो साहेब, ओढतंय ते कळलं नाही का, असं त्यानं विचारलं. कळलं की, सोडणारच होतो, असं हे म्हणाले. तो माझ्याकडं वळला. मी बोलायला हवं होतं ते तेव्हाच. शब्द सगळे तयार होते.

"हातमोजा सैल होता," मी म्हणाले.

दुकानदारानं सुटकेचा निःश्वास टाकला. मग सैल हातमोजे, लोंबत्या बाह्या, गळ्यातला पंचा यांवर त्यानं आम्हाला बरंच काही ऐकवलं. त्याचं बरोबर होतं. मी मान हलवत होते. माझे पाय खडीवर आहेत हे मला दिसत होतं, पण ते माझे आहेत असं काही वाटत नव्हतं.

हे हात धुवायला शेडच्या कोपऱ्यातल्या नळावर गेले. बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून मी बघायला गेले आणि कोपऱ्याशीच थांबले. नळ बंद होता. हे माझ्याकडं पाठ करून उभे होते. डाव्या अंगठ्याचं नख उजव्या हाताच्या एकेका बोटात रुतवून बघत होते. एक झालं की दुसरं. मग त्याच बोटावर पुन्हा, आणखी जोरानं. लहान मूल मोडलेलं खेळणं परत परत दाबून बघतं तसं. मी आवाज न करता मागं फिरले आणि मशीनांच्या ओळीत जाऊन उभी राहिले. दुकानदारानं विचारलं, पाणी हवंय का. मी हो म्हटलं आणि पेला हातात घेऊन तसाच ठेवला.

हे आले ते सरळ नरसाळ्याच्या मशीनपाशी. मोठ्या मशीनकडं बघितलंही नाही. मशीन बंद आहे ना, असं विचारून घेतलं. मग बाही वर केली आणि अख्खा हात नरसाळ्यात घातला, पार खांद्यापर्यंत, गाल पत्र्याला टेकेपर्यंत. चाचपडून कळणार नव्हतंच, म्हणून दुसऱ्या बाजूनं वाकून, जिथून ढलप्या पडतात तिथून मला बघायला सांगितलं. माझा हात पात्यांपर्यंत पोचतो का बघ, म्हणाले. मी गुडघ्यावर बसून बघितलं. आत अंधार होता. दुकानदारानं फोनचा दिवा धरला. ह्यांची बोटं वर दिसत होती, पाती त्यांच्या बरीच खाली होती.

"नाही पोचत," मी सांगितलं.

हेच मशीन घेऊ, म्हणाले.

दुकानदाराला काही समजेना. तुमचं काम मोठ्या झाडांचं आहे, हे तुम्हाला पुरणार नाही, असं तो परत परत सांगत होता. मोठ्या मशीनचे हप्ते करून देतो म्हणाला. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मोठी झाडं आता करायची नाहीत, म्हणाले. कुंपणं, वेली, गुलाब, तेवढंच. हे ह्यांनी दुकानदाराला सांगितलं. मी शेजारीच उभी होते.

मशीन गाडीपाशी आणलं. चालू कसं करायचं, पाती कशी काढायची, तेल कुठं ओतायचं हे दुकानदार दाखवणार होता. त्यानं चष्मा आणि आवाज अडवायचे कानांवरचे मोठे गोल ह्यांच्यापुढं धरले. ह्यांनी घेतले नाहीत.

"हिला दाखवा. हीच चालवणार."

दुकानदाराचं हसू परत आलं होतं. मग साहेब काय, सावलीत बसणार का, असं तो गमतीनं म्हणाला.

"माझ्या बोटांना काही कळत नाही," हे म्हणाले. "वर्ष होऊन गेलं."

तेल भरायचं झाकण डावीकडं आहे, असं सांगावं तशा आवाजात. दुकानदारानं गडबडून हो हो म्हटलं आणि चष्मा माझ्या हातात दिला. मी तो डोळ्यांवर चढवला. वर्षभर मी ज्याच्याभोवती पाय न वाजवता फिरले, ज्याच्यासाठी खोटं बोलले, फाटकं मोजली, रंगाला नावं ठेवली, ते ह्यांनी एका परक्या माणसाला एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मला राग आला. इतका की कानशिलं तापली. आणि राग आला याचंच मला नवल वाटलं, इतक्या दिवसांत काही आलेलं नव्हतं. दुकानदार दाखवत गेला तसं मी करत गेले. पाती, तेल, झाकण, बंद करायचं बटण. सगळं मला पहिल्या फटक्यात समजलं.

परत निघालो. मागं मशीन बांधलं होतं. नेहमीसारखी मी चालवत होते, हे शेजारी. चौकातल्या सिग्नलला थांबलो. पुढं एक बस होती. तिच्या मागच्या काचेवर कुणीतरी बोटानं धुळीत काही लिहिलं होतं, ते मी वाचत होते.

"तू लगेच दाबलास तो दांडा," हे म्हणाले.

मी धुळीतली अक्षरं पुन्हा वाचली.

"मी ओरडलो नव्हतो. तू आधीपासूनच तिथं हात ठेवून होतीस."

"हो."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"नीलगिरीची फांदी पडली तेव्हापासून."

हे काचेतून बाहेर बघायला लागले. मला वाटलं, आता येणार. मला का नाही बोललीस, नाटक करत होतीस का, काहीतरी येणार. माझ्याकडंही भरपूर साठलं होतं. तुम्ही तरी कुठं सांगितलंत. परक्या माणसाला सांगितलंत. मी तोंड उघडणार एवढ्यात हे वळले.

"आणि तरी मला वर चढू दिलंस," म्हणाले.

आवाजात राग नव्हता. मी नीट ऐकलं. हे माझे आभार मानत होते. या वर्षभरात हे जितक्या झाडांवर चढले ती सगळी मीच ह्यांना दिली, अशा सुरात बोलत होते. आणि मला ती सगळी झाडं एकदम दिसली. प्रत्येक झाडावर हे, त्या पांढऱ्या बोटांनी, आणि खाली मी, मान वर करून, काहीही न वाटता. कुठूनही पडू शकले असते. मी बघत उभी राहिले असते. मला भीती वाटली. वर्षभराची भीती त्या चौकात एकदम वाटली.

बस पुढं गेली. सिग्नल हिरवा झाला होता. मी गिअर टाकायला गेले आणि तो पडेना. मागून हॉर्न वाजायला लागले. ह्यांनी हात पुढं करून गिअरवरच्या माझ्या हातावर ठेवला. हात जड होता, बोटं बर्फासारखी. गाडी का जात नाही, हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

"काय झालं गं?" हे म्हणाले.

"माझा हात थरथरतोय," मी म्हणाले.

ह्यांनी खाली, आमच्या हातांकडं बघितलं.